गॅस भरण्याआधी जाळी धुवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून घर गार ठेवण्याच्या टिपा छापून येऊ लागतात. पंख्यासमोर बर्फाचे भांडे ठेवा, खिडकीला ओली चादर लावा, सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून जाळ्या धुवा. वाचायला बऱ्या वाटतात, पण त्यात माप नसते आणि कारणही नसते. त्यामुळे कोणती टीप उपयोगाची आणि कोणती नुसतीच हौस, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. दुसरीकडे हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीवाल्यांकडे रांग लागते आणि धुळीने कोंडलेल्या एसींत गॅस भरला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. म्हणणे एकच आहे: हवेची आणि पाण्याची वाट मोकळी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पंखा, कुलर किंवा एसीचा कोणताही भाग बदलू नये, आणि गॅस तर मुळीच भरू नये.

आधी त्या टिपांचाच हिशेब करू. एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी खोलीइतके कोमट होईपर्यंत साधारण ४४० किलोज्यूल उष्णता शोषते. एक टनाचा एसी एवढी उष्णता दोन मिनिटांत बाहेर टाकतो. शिवाय तो बर्फ ज्या फ्रिजमध्ये तयार झाला, त्याने ही सगळी उष्णता आणि वर स्वतःच्या कॉम्प्रेसरची उष्णता आधीच घरात सोडलेली असते. म्हणजे पंख्यासमोर बसलेल्या माणसाला दहा मिनिटे बरे वाटते आणि घर एकूण थोडे तापते. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना मात्र सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, म्हणजे बर्फाच्या पाचपटीहून जास्त. कुलर चालतो तो याच जोरावर. त्याच्या टाकीत बर्फ टाकण्याने फार काही साधत नाही, कारण गारवा पाण्याच्या थंडपणातून येत नाही, पाणी उडण्यातून येतो.

ओल्या चादरीचेही तेच. एका खिडकीतून कोरडी हवा आत येत असेल आणि दुसरीकडून बाहेर जात असेल तर ती काम करते. बंद खोलीत तीच चादर दमटपणा वाढवते, घाम सुकेनासा होतो आणि उकाडा आणखी जाणवतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस भरपूर येतो, पण दोघे एकमेकांची ताकद मारून टाकतात. तेलकट मळाला सोडा, क्षाराच्या पांढऱ्या थराला व्हिनेगर, असे वेगवेगळे वापरावे. आणि व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल ब्लीचिंगच्या द्रावणात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

आता पंखा. पात्यांच्या पुढच्या कडेवर चिकटलेली धूळ हवा कापण्याची धार बोथट करते, आणि सर्व पात्यांवर ती सारखी बसत नसल्याने पंखा हलायला लागतो. मेन स्विच बंद करून उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवावा, दोन्ही बाजूंनी दाबत बाहेर ओढावा. सगळी धूळ अभ्र्यात राहते, पलंगावर पडत नाही. पुसताना पाते वर किंवा खाली दाबू नये. पुसूनही पंखा डुलत असेल तर प्रत्येक पात्याच्या टोकाचे छतापासूनचे अंतर एकाच जागी मोजावे. तीन-चार मिलिमीटरहून जास्त फरक निघाला तर ते पाते वाकलेले आहे. पाती कारखान्यातून वजनाची जोडी जुळवून येतात, त्यामुळे एका पंख्याचे पाते दुसऱ्याला लावून चालत नाही. वरची वाटी खाली सरकवून आतला नटबोल्ट, त्याची पिन आणि रबर तपासावे. रबर झिजले की कटकट आवाज सुरू होतो आणि लोक बेअरिंगला दोष देतात.

पंखा हळू फिरतो ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिचे कारण बहुधा सर्वांत स्वस्त भागात असते: कपॅसिटर, ज्याला बहुतेक जण कंडेन्सरच म्हणतात. ओळखायची रीत सोपी आहे. वीज बंद करून पाते हाताने फिरवावे. ते अडखळले, खरखरले तर बेअरिंग. मोकळे फिरले, पण वीज दिल्यावर पंखा नुसता गुणगुणतो आणि लांब काठीने हलका धक्का दिल्यावर चालू होतो, तर कपॅसिटर. नवा घेताना जुन्यावर छापलेला आकडाच घ्यावा. छताच्या पंख्यांना बहुधा २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असतो. जास्त आकड्याचा लावल्याने वेग किंचित वाढतो खरा, पण मोटारीतली तारेची दुसरी गुंडाळी (वाइंडिंग) तापत राहते आणि मोटार जळू शकते. काढलेल्या कपॅसिटरच्या उघड्या तारांना हात लावू नये, त्यात भार साठलेला असू शकतो. बदलल्यानंतर हवा खाली येत नसेल तर तारा उलट लागल्या आहेत आणि पंखा उलटा फिरतो आहे, एवढेच.

काटकसरीच्या दृष्टीने एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुना पंखा पूर्ण वेगाला ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटारीचा सुमारे ३०. दिवसाला सोळा तास धरले तर एकामागे रोज पाऊण युनिटाच्या आसपास वाचते. जुना मोठा, हाताला गरम लागणारा पेटीसारखा रेग्युलेटर अजून भिंतीवर असेल तर तो वेग कमी केल्यावर वाचलेली वीज उष्णतेच्या रूपात उडवत असतो, तो आधी बदलावा. बीएलडीसी पंखा मात्र कोणत्याही रेग्युलेटरवर जोडू नये, थेट स्विचवर घ्यावा. आणि पंखा माणसाच्या अंगाला गारवा देतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा खोलीला तसूभरही गार करत नाही.

कुलरकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि मेहनतीचे फळ सर्वांत जास्त तिथेच मिळते. हंगामाच्या पंधरवडाभर आधी प्लग काढून तिन्ही बाजूंच्या जाळ्या उतरवाव्यात. गवताचे पॅड एका हंगामाचे असते. काळे पडले, दाबून बसले की ते फेकावे. नवे भरताना जाडी सगळीकडे सारखी हवी. ओले झाल्यावर गवत खाली बसते आणि वरच्या कडेला चार बोटांची फट पडते. हवा नेहमी सोपी वाट धरते, ती त्या कोरड्या फटीतून गरमच आत येते आणि कुलर ‘फक्त वारा फेकतो’ अशी तक्रार सुरू होते. हनीकोम (मधाच्या पोळ्यासारखे, कागदाचे) पॅड नीट राखले तर दोन-तीन हंगाम जातात. त्यांना ब्रशने घासू नये, कागदाचे पापुद्रे निघतात. उभे धरून हलक्या धारेने, हवा जिकडून बाहेर पडते त्या बाजूने धुवावे, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाते.

पाणी वाटणारी वरची पन्हळ किंवा नळी काढून तिचे प्रत्येक छिद्र टाचणीने मोकळे करावे. पंपाच्या तळाची जाळी उघडून आतले पंखाचक्र बोटाने फिरते का पाहावे. अडकले असेल तर तो क्षार असतो. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत विरघळवून पंपाचा जाळी-चक्राचा भाग, नळी आणि पन्हळ अर्धा तास बुडवून ठेवावी, मग जुन्या दातघासणीने घासून भरपूर पाण्याने धुवावे. अडकलेल्या चक्रानिशी पंप चालू ठेवला की तो गुणगुणतो, तापतो आणि जळतो. टाकी कोरडी पडल्यावरही तेच होते, कारण पंपाला गार ठेवणारे तेच पाणी असते. पंप थेट तळावर न ठेवता फरशीच्या तुकड्यावर ठेवावा, म्हणजे गाळ ओढला जात नाही. संडास धुण्याचे आम्ल कुलरला कधीही वापरू नये. ते पत्र्यावरचा जस्ताचा थर खाऊन टाकते आणि पुढच्या हंगामात टाकीला भोके पडतात. टाकीत गंज आलाच असेल तर पूर्ण वाळवून पॉलिश कागदाने घासावे, प्राइमर आणि त्यावर डांबरी काळ्या रंगाचे दोन हात द्यावेत, आणि रंग पूर्ण वाळल्याखेरीज पाणी भरू नये.

सगळे जोडल्यावर पंखा सुरू न करता फक्त पंप दहा मिनिटे चालवावा आणि पॅडकडे नीट पाहावे. ओल्या पृष्ठभागावर वरून खाली एखादा फिका, कोरडा पट्टा दिसला तर त्याच्या बरोबर डोक्यावरचे छिद्र बंद आहे. ही दहा मिनिटे रोज दिली तर सुरुवातीचा कुबट वासही येत नाही.

आता पाण्याचे गणित. उडून जाते ते शुद्ध पाणी, क्षार टाकीतच राहतात. चाळीस लिटरच्या टाकीतून दिवसाला चाळीस लिटर उडाले आणि तेवढेच वरून भरले, तर दुसऱ्या दिवशी क्षारांचे प्रमाण दुप्पट आणि चार दिवसांनी पाचपट होते. नुसती भर घालत राहणाऱ्यांच्या पॅडवर पांढरी कडक साय चढते ती यामुळे. पाणी जड असेल तर दर दोन-तीन दिवसांनी, एरवी आठवड्यातून एकदा तरी तळाचे बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करावी. त्याच वेळी आतल्या भिंती घासाव्यात. डेंग्यू पसरवणारा डास पाण्याच्या पातळीलगत भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरताच उबतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नियम. नुसते पाणी बदलून भागत नाही, घासणे आवश्यक आहे.

कुलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या लावून घेणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. त्याला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आत आलेल्या हवेला समोरून बाहेर पडायला वाट लागते. किती उघडावे हे ठरवायला पातळ कागदाचा तुकडा पुरतो. समोरच्या खिडकीच्या जाळीला तो धरावा. हवेने तो जाळीला चिकटून राहिला तर उघडीप बरोबर आहे, गळून पडला तर खिडकी जास्त उघडली आहे, आणि खोलीतली दारे आपोआप आपटू लागली तर कमी. दमट हवेत कुलरकडून फार अपेक्षा ठेवू नये. बाहेर ४० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता २० टक्के असेल तर उत्तम कुलरही हवेला २२ अंशांच्या खाली नेऊ शकत नाही, तरी ते पुष्कळ झाले. त्याच तापमानाला आर्द्रता ६० टक्के असेल तर ही मर्यादा सुमारे ३३ अंशांवर येते. अशा दिवशी पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा, खोली कमी चिकट वाटते.

सुरक्षेबाबत तडजोड नको. पाणी भरताना, टाकीत हात घालताना प्लग काढलेला हवा. स्विच बंद करणे पुरेसे नाही. तीन पिनांचा प्लग आणि चालू स्थितीतले अर्थिंग नसेल तर लोखंडी कुलर वापरूच नये. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा ब्रेकर बसवलेला असेल तर त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

एसीच्या बाबतीत मुख्य मुद्दा गॅसचा. गॅस खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ‘दर वर्षी थोडा गॅस टाकावाच लागतो’ असे कोणी सांगितले तर त्याला गळती शोधायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी घरी करायची कामे अशी. आतल्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी काढून, ज्या बाजूला धूळ नाही त्या बाजूने पाणी सोडून धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. उन्हात चौकट वाकते. त्यानंतर विजेरी घेऊन खालच्या झडपांतून आत पाहावे. तिथल्या लांब गोल ब्लोअरच्या वळणदार पात्यांवर काळा थर दिसतो का? जाळ्या स्वच्छ असूनही हवा कमी येण्याचे कारण बहुतेक वेळा हा थर असतो, आणि घाईत केलेल्या सर्व्हिसमध्ये तो नेमका राहून जातो. सर्व्हिसवाल्याला ब्लोअर साफ करायला स्पष्ट सांगावे.

बाहेरच्या युनिटच्या मागे किमान एक वीत मोकळी जागा हवी आणि पुढे दोन-तीन फूट. त्याच्यासमोर कुंड्या, वाळत घातलेले कपडे, जुने सामान असेल तर फेकलेली गरम हवा परत आत ओढली जाते. मेन बंद करून हलक्या धारेने त्याचे पत्रे धुवावेत; जोराच्या धारेने ते आडवे होतात आणि हवाच बंद होते. गच्चीच्या कठड्याला लटकलेले युनिट असेल तर हे काम स्वतः करू नये.

मग चाचणी घ्यावी. एसी जास्त वेगाला वीस मिनिटे चालवून आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा साध्या थर्मामीटरने मोजावी. फरक आठ ते बारा अंश असेल तर गॅस ठीक आहे. पाच-सहाच असेल, नळीच्या जोडावर तेलकट डाग असेल, बारीक नळीवर बर्फ धरत असेल, तर गळतीचा संशय रास्त. (आतल्या कॉइलवर बर्फ मात्र घाण जाळीमुळेही धरतो, म्हणून क्रम पाळावा.) अशा वेळी कामाची रीत आग्रहाने मागावी: नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधणे, जोड दुरुस्त करणे, नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवणे, आणि युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरणे. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे नुसता दाबाचा काटा पाहून ‘भरला’ म्हणणे अंदाजपंचे असते. आर-३२ (बऱ्याच नव्या एसींत असतो तो) गॅस थोडाफार ज्वलनशील आहे. काम चालू असताना खिडक्या उघड्या हव्यात, विडी-सिगारेट नको.

एसीतून घरात पाणी ठिबकत असेल तर बहुधा निचऱ्याच्या नळीत बुळबुळीत शेवाळ आहे. नळीत कपभर व्हिनेगर मिसळलेले लिटरभर कोमट पाणी सोडावे. नळीचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवू नये, हवा अडकून पाणी मागे येते. जमलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते फरशी पुसायला, झाडांना आणि कुलरच्या टाकीला उत्तम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र ते घालू नये, कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात उतरलेले असतात. एसी बंद केल्यावर तीन मिनिटे तरी पुन्हा चालू करू नये. सेटिंग १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. २६ वर ठेवून सोबत पंखा मंद चालवावा. एका अंशामागे साधारण पाच-सहा टक्के वीज वाचते.

फ्रिजचे थोडक्यात. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे आणि ओढावा. सहज निघाला तर रबर कोमट साबणपाण्याने पुसावे, तरीही सैल असेल तर बदलावे. मागे चार बोटे जागा सोडावी. फ्रीझरमध्ये पाच-सहा मिलिमीटर बर्फ साचला की फ्रिज बंद करून वितळवावा. सुरीने खरवडण्याचा मोह टाळावा, एक भोक पडले की फ्रिजच जातो.

उन्हाची अडवणूक काचेच्या बाहेर करावी. आतला पडदा तापून ती उष्णता खोलीतच सोडतो. हिरवी जाळी, चटई किंवा ताडपत्री काचेपासून वीतभर अंतरावर बांधली तर मधली गरम हवा वर निघून जाते. पश्चिमेची खिडकी पहिली. खिडक्या कधी उघडाव्यात हे घड्याळाने ठरवू नये. एक थर्मामीटर आत, एक बाहेर सावलीत ठेवावा, आणि बाहेरचा आकडा आतल्याहून खाली आला की उघडाव्यात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी गच्चीची गळती बुजवून मगच चुना लावावा: विरलेला चुना रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, दुधाइतका पातळ करून, थोडा डिंक घालून तीन पातळ हात. हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना डोळ्यांत गेला तर इजा होते.

हंगाम संपल्यावर कुलर तसाच झाकून ठेवू नये. टाकी रिकामी करून, पॅड उन्हात कडकडीत वाळवून, पंप धुऊन वेगळा ठेवावा आणि मगच कापडाने झाकावे. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडून गंज धरतो. मोटारीत बेअरिंगऐवजी बुश असेल तर दोन्ही टोकांना शिवणयंत्राच्या तेलाचे तीन-चार थेंब द्यावेत. खाण्याचे तेल घालू नये, ते चिकट होऊन बुश धरून ठेवते. पंख्याच्या कपॅसिटरचा आकडा आणि पॅडची लांबी-रुंदी-जाडी कुलरच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवावी, पुढच्या वर्षी दुकानात अंदाजाने बोलावे लागत नाही. एसीच्या रिमोटमधले सेल काढून ठेवावेत.

आपल्या पुरवणीत यापुढे अशा टिपा देताना माप आणि कारण यांना दोन ओळी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
(घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती करणारा)